सूर्यदत्त थाळी
(रथसप्तमीनिमित्त निरूपण)



रथसप्तमी जवळ आली. त्या दिवशी आपल्या टिळकवाडीतल्या अंगणांतून सात घोड्यांच्या रथाच्या रांगोळ्या निघतील. पाटावर रक्तचंदनाने सूर्यनारायण रेखिला जाईल. गोवऱ्यांच्या विस्तवावर लहानसे बोळके ठेवून त्यातील दूध उतू जाईपर्यंत घरातील लहानथोर वाट पाहतील, आणि ते उतू गेले म्हणजे वर्ष भरभराटीचे जाणार असे समाधान मानून हात जोडतील. संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांचीही त्याच दिवशी सांगता होईल. हे सर्व यथासांग होते, आनंदाने होते, आणि व्हावयासच पाहिजे. परंतु दुसऱ्या दिवशी, माघ शुद्ध अष्टमीला, तोच सूर्य तितक्याच उदारपणे आपल्या गच्चीवर येऊन उभा राहतो, तेव्हा त्याची दखल घेणारे आपणांत किती असतात? काल ज्याला अर्घ्य दिले तो आज दाराशी काय घेऊन आला आहे, हे पाहावयासही आपण बाहेर येत नाही. हा विचार काही दिवसांपासून आमच्या मनात घोळत आहे, आणि तोच या अंकात आपल्यापुढे ठेवण्याचे योजिले आहे.

यास निमित्तही तसेच घडले. मंदिराच्या सभामंडपाच्या छपरावर सोलर पॅनेल बसवावीत अशी सूचना काही सभासदांनी मांडली आहे, व तिच्यावर बरीच भवति न भवति चालू आहे. शिल्लक निधीतून गाभाऱ्यासमोर संगमरवरी फरशी करावी, असे काहींचे म्हणणे. देवळाच्या छपरावर यंत्र नको, असे काहींचे म्हणणे. आणि 'वीज मिळतेच आहे, मग हा खटाटोप कशाला?' असे पुष्कळांचे म्हणणे. आम्ही शास्त्रीपंडित नव्हे, विज्ञानाचे पदवीधरही नव्हे. शाळेत शिकलो तेवढे शिक्षण, आणि तीर्थरूपांच्या मागे बसून पूजेची उपकरणी घासता घासता कानांवर पडले तेवढे पुराण, एवढीच आमची शिदोरी. परंतु हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून धर्माचाही आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणून एका आख्यानाच्या आधाराने तो उलगडून पाहण्याचा यत्न करितो.

महाभारताच्या वनपर्वातील ही कथा आपणांस ठाऊक आहे. द्यूतात सर्वस्व हरून पांडव वनात निघाले, तेव्हा पुष्कळ ब्राह्मण त्यांच्या मागोमाग चालू लागले. धर्मराजास राज्य गेल्याचे दुःख झाले नाही इतके 'या मंडळींस खावयास काय घालू?' या विवंचनेचे झाले. तो पुरोहित धौम्य ऋषींपाशी गेला. धौम्यांनी त्यास सांगितले की, सृष्टीच्या आरंभी प्राणिमात्र भुकेने व्याकुळ झाले असता सविता पित्यासारखा कळवळला. उत्तरायणात त्याने आपल्या किरणांनी पृथ्वीवरील रस ओढून घेतला, दक्षिणायनात तो पृथ्वीस परत दिला. त्यातून वनस्पती झाल्या, वनस्पतींतून अन्न झाले. अन्न हे सूर्याचेच रूप आहे. तेव्हा त्यालाच शरण जा. धर्मराजाने पाण्यात उभे राहून उपासना केली, सूर्यनारायण प्रसन्न झाला, आणि त्याने एक तांब्याचे पात्र त्याच्या हाती ठेविले. हीच ती आपल्या बोलण्यात नित्य येणारी द्रौपदीची थाळी.

या थाळीविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, ती सूर्याने दिली. दुसरी, तिला मर्यादा होती. द्रौपदीचे जेवण झाले की त्या दिवसापुरती ती रिकामी होई. आणि तिसरी, तिच्यातून वाढण्याचा एक क्रम होता. आधी अतिथी, मग धाकटे भाऊ, मग स्वतः धर्मराज आणि सर्वांच्या शेवटी द्रौपदी. या तीन गोष्टींतच आजच्या आमच्या विषयाचे सार आहे.

प्रथम, थाळी सूर्याने दिली या गोष्टीचा विचार करू. धौम्यांनी अन्नाविषयी जे सांगितले तेच आजचे विज्ञान इंधनाविषयी सांगते. चुलीतले लाकूड म्हणजे झाडाने साठविलेले ऊन. गोवरी म्हणजे गवतातून गाईच्या पोटात गेलेले ऊन. हवा तापून हलकी होते व वारा वाहू लागतो, म्हणून वारा हेही उन्हाचेच अपत्य. समुद्राचे पाणी तापून त्याची वाफ होते, तिचे ढग सह्याद्रीवर रिते होतात, म्हणून धरणाची वीजही सूर्याचीच. इतकेच काय, दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या अरण्यांत कोंडून राहिलेले ऊन. मग कोळशाची वीज आणि उन्हाची वीज यांत भेद तो काय? भेद हाच की, ऊन, वारा व पाणी ही रोजची मिळकत आहे आणि कोळसा हे पूर्वजांनी पुरून ठेविलेले मुद्दल आहे. मिळकतीवर संसार करणारा गृहस्थ आणि मुद्दल फोडून चैन करणारा गृहस्थ यांत जो भेद, तोच येथे आहे.

आणि हे मुद्दल नुसते संपते असे नाही. ते जळताना पाठीमागे ऋण ठेवून जाते. एक युनिट वीज करावयास अर्धा ते पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. त्याचा धूर व राख डोळ्यांना दिसते. परंतु त्यातून निघणारा कर्बवायू दिसत नाही. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, आणि ते कोसळते तेव्हा एकदम कोसळते. २०१९ च्या ऑगस्टात आपल्या जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, कोल्हापूरचा रस्ता बंद पडला, कित्येकांची घरे खचली. एका पुराचे सारे खापर या वायूवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण असे प्रसंग वारंवार येण्याचा संभव त्यामुळे वाढतो, एवढे निश्चित.

आपले आजोबा-पणजोबा सूर्याची ही मिळकत वापरीत नव्हते असे नाही. चैत्र-वैशाखात गच्चीवर पसरलेले पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या ही सूर्याच्याच चुलीवर सिद्ध होणारी बेगमी. वाळवणाला काठी घेऊन राखणीला बसलेले आपण सर्वजण लहानपणी सौरऊर्जेचेच राखणदार होतो. फक्त हे नाव ठाऊक नव्हते. आपल्या जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्याच्या बळावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सूतगिरणी चालली. आज सौंदत्तीच्या यल्लम्माच्या दर्शनास जाताना त्या माळांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. साताऱ्याकडील पाटण तालुका तर या बाबतीत एक तीर्थक्षेत्रच म्हणावे लागेल. तेथे १९६२ पासून कोयनेच्या पाण्याची वीज आहे, वनकुसवड्याच्या पठारावर वाऱ्याची वीज आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टात त्याच तालुक्यातील मान्याची वाडी हे शंभरएक घरांचे गाव महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. पाणी, वारा आणि ऊन, सूर्याची ही तिन्ही दाने एका तालुक्याने ओंजळीत घेतली.

देवस्थानांनीही यात मागे राहू नये याचे उदाहरण शिर्डीस आहे. साईबाबा स्वतः मोठ्या हंडीत अन्न शिजवून गोरगरिबांस वाढीत, हे आपण चरित्रात वाचले आहे. त्याच शिर्डीत ३० जुलै २००९ रोजी संस्थानाच्या प्रसादालयासाठी सूर्याच्या वाफेवर चालणाऱ्या स्वयंपाकघराचे उद्घाटन झाले. छपरावर आरशांच्या ७३ प्रचंड थाळ्या बसविण्यात आल्या. थाळ्या हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजीत नाही. त्यांचा आकारच थाळीचा. त्या दिवसभर सूर्याकडे तोंड करून त्याच्याबरोबर वळतात, ऊन एका ठिकाणी एकवटतात, त्याने पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेवर भातडाळ शिजते. वोल्फगांग शेफलर नावाच्या परदेशी शास्त्रज्ञाने ही रचना शोधून काढली. वर्षाला सुमारे एक लाख किलो गॅस वाचावा असा त्या वेळचा अंदाज होता. सूर्याने दिलेल्या थाळीत अतिथींसाठी अन्न शिजावे, याहून वनपर्वातील कथेचे यथार्थ भाष्य ते कोणते?

आता दुसरी गोष्ट, थाळीची मर्यादा. दुर्योधनाने दुर्वास ऋषींस शिष्यगणांसह पांडवांकडे पाठविले, ते मुद्दाम द्रौपदीचे जेवण झाल्यानंतर. थाळी घासून पालथी घातलेली, आणि दारात कोपिष्ट अतिथी! सूर्याच्या विजेचेही असेच आहे. सोलर पॅनेलमधील सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर ऊन पडले की वीज वाहू लागते. ना धूर, ना आवाज. पण सूर्य मावळला की थाळी पालथी पडली. आपल्या बेळगावात तर जून ते सप्टेंबर आभाळ असे दाटून येते की कित्येक दिवस सूर्यदर्शन दुर्लभ होते. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांचा तेथे गैरसमज होतो. जी सौरयंत्रणा वीजमंडळाच्या तारांना जोडलेली असते आणि जिला बॅटरी नसते, ती बाहेरची वीज गेली म्हणजे आपणहून बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या माणसास धक्का बसू नये म्हणून ही योजना असते. 'पॅनेल बसविले, आता वीज कधी जाणारच नाही' असे कोणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. जे दान आहे ते तेवढेच सांगावे. वाढवून सांगणे हाही असत्याचाच प्रकार.

मग दुर्वासांस काय वाढावे? यास दोन मार्ग आहेत. एक साठवणीचा. गुजरातेत मोढेरा येथे अकराव्या शतकातील सूर्यमंदिर आहे. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी ते गाव रात्रंदिवस सूर्याच्या विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तेथे तेराशेंहून अधिक घरांच्या छपरांवर एकेक किलोवॅटची पॅनेल आहेत, आणि जवळच मोठा सौरप्रकल्प व वीज साठविणारी बॅटरी आहे. दुसरी तऱ्हा अकोले तालुक्यातील घाटघरची. तेथे मागणी कमी असते तेव्हा पाणी खालून वरच्या तलावात चढवितात आणि दिवेलागणीला ते सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज काढितात. म्हणजे पाण्याच्या रूपाने वीज माळ्यावर ठेवावयाची व पाहुणे आले की उतरवावयाची. तरीही काम पुरे झाले असे नाही. ३० जून २०२५ पर्यंत आपल्या देशातील वीजयंत्रांच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाविना चालणारी झाली, ही अभिमानाची गोष्ट. परंतु प्रत्यक्ष जी वीज निर्माण होते तिच्यातील फार मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे, कारण रात्रीचा दुर्वास अजून कोळशावरच जेवतो.

दुसरा मार्ग भगवंतांनी दाखविला. द्रौपदीने धावा केला, श्रीकृष्ण आले, त्यांनी थाळी मागविली, आणि तिच्या काठाला चिकटलेले भाजीचे एक पान मुखात घालून तृप्तीची ढेकर दिली. तिकडे नदीवर दुर्वासांची शिष्यमंडळी तृप्त झाली. या प्रसंगाचा चमत्कार म्हणून आपण गौरव करतो. परंतु त्यात एक साधा बोधही आहे. जे काठाला चिकटून उरते, जे आपण सहज धुऊन टाकितो, त्यातही तृप्ती असते. आपल्या मंदिराचेच पाहा. उत्सवात ६० वॅटचे शंभर दिवे सहा तास जळले तर ३६ युनिटे होतात; तितकाच उजेड देणारे ९ वॅटचे एलईडी दिवे लाविले तर साडेपाच युनिटेही होत नाहीत. ही तीस युनिटे म्हणजे ते भाजीचे पान. पॅनेल बसविण्याआधी ते शोधावयास हवे. गळक्या घागरीत गंगाजल ओतून काय उपयोग?

या बाबतीत आम्ही स्वतः धुतल्या तांदळासारखे नाही. काही वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, मंदिराच्या विहिरीवरील मोटार चालू करून आम्ही ओट्यावर गप्पा छाटीत बसलो. टाकी भरून वाहू लागली, पाणी पन्हळीतून अंगणात आले, तरी आम्हांस शुद्ध नाही. तीर्थरूप आतून आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, विहीर देवाची म्हणून तू सांडलीस. वीज कोणाची म्हणून सांडलीस?" आम्हांस उत्तर देता आले नाही. तो प्रश्न अजून आमच्या मनात आहे, आणि खरे सांगावयाचे तर हा लेख त्याचेच उत्तर आहे.

आणखी एक प्रसंग. गेल्या पावसाळ्यात सायंआरती चालू असता वीज गेली. आपल्या मंदिरात नगारा, झांजा व घंटा वाजविणारे विजेचे यंत्र आहे. ते मध्येच मुके झाले. क्षणभर सर्व स्तब्ध. तीर्थरूपांच्या हातातील निरांजन मात्र फिरतच होते आणि गाभाऱ्यातील नंदादीप तेवतच होता. मग एका लहान मुलीने टाळी धरिली, पाठोपाठ दहा-वीस हात वाजू लागले, आणि त्या दिवशीची आरती जितकी रंगली तितकी पुष्कळ दिवसांत रंगली नव्हती. ज्या कामास हात पुरेत तेथे यंत्र लावून आपण विजेसही राबवितो आणि भक्तीसही रजा देतो, हे त्या अंधाराने आम्हांस शिकविले.

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, वाढण्याचा क्रम. थाळी धर्मराजाची, पण तो आधी जेवला नाही. आणि जिच्या हातून ती वाढली जाई ती द्रौपदी सर्वांच्या शेवटी जेवली. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हेच तत्त्व सांगितले आहे की, देवांनी दिलेले भोगून त्यांस परत काही न देणारा तो चोरच होय.

आमच्या ओळखीच्या एका मावशींनी परवा विचारले, "बाळ, दोनशे युनिटांपर्यंत सरकार बिलच घेत नाही. मग पदरचे पैसे घालून ते काळे तक्ते कशाला बसवायचे?" प्रश्न रास्त आहे. २०२३ पासून आपल्या राज्यात गृहज्योती योजना सुरू झाली आणि गरिबांच्या घरी तिने खरोखर दिलासा दिला आहे. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांनी ती वीज निःसंकोच घ्यावी. थाळीतील पहिला घास त्यांचाच. परंतु फुकट या शब्दाचा अर्थ किंमत नाही असा नव्हे. ती दुसरा कोणी देतो असा आहे. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे कृष्णेस मिळते, आणि त्याच कृष्णेच्या काठी रायचूरजवळ शक्तिनगरला १,७२० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र उभे आहे. तेथील राख व धूर सोसणारी माणसे आपल्या बिलात दिसत नाहीत, म्हणून ती नाहीत असे थोडेच आहे?

सूर्याची वीजही कोणास काही सोसावे न लागता येते, असे मात्र समजू नये. कोयनेच्या विजेसाठी कित्येक गावांनी आपली घरे व देव पाण्याखाली जाऊ दिले. तुमकूर जिल्ह्यात पावगड येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. तेथील जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून वार्षिक भाड्याने घेतली, ही योजना स्तुत्यच; दुष्काळी मुलखात जमीनमालकास त्याने आधार मिळाला. परंतु ज्याला जमीनच नाही, जो दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करी, त्याला भाडे कोण देणार? म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्याच्या डोक्यावर स्वतःचे पक्के छप्पर आहे त्याने आधी ते छप्पर पुढे करावे. छपरावरच्या विजेसाठी कोणाचे शेत जात नाही, कोणाचे कुरण जात नाही. टिळकवाडीत आपणांपैकी पुष्कळांस देवाने गच्ची दिली आहे. ज्यांचा वापर दोनशे युनिटांच्या पुढे जातो त्यांस बिल भरावेच लागते. निदान त्या घरांनी तरी हा भार आपल्या शिरावर घ्यावा.

यासाठी केंद्र सरकारची २०२४ साली सुरू झालेली 'पीएम सूर्यघर' योजना आहे. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किलोवॅट वा त्याहून अधिक असल्यास ७८,००० रुपये अनुदान घरगुती ग्राहकास मिळावे असे तीत ठरले आहे. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि वर्षाची सरासरी धरता दिवसाला चारएक युनिटे मिळतात. जास्तीची वीज तारांतून बाहेर जाते व नेट मीटर तिचा हिशेब ठेवितो. ज्यांस इतका खर्च झेपत नसेल त्यांनी सोलर बंबापासून आरंभ करावा. आजीच्या तांब्याच्या बंबात ढलप्या घालून डोळे चोळणारी पिढी अजून आपल्यांत आहे. तिला या बंबाचे मोल सांगावयास नको. आणि लहान कुटुंबांनी आपले हे काम नव्हे असे समजू नये. बंगळुरूच्या हरीश हांडे यांनी १९९५ पासून खेड्यापाड्यांतील गरिबांच्या झोपडीत सूर्याचा दिवा नेला. गरिबास सौरदिवा परवडत नाही हा समज त्यांनी खोटा पाडला, आणि २०११ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मात्र एक पथ्य पाळावे. पॅनेलवर सावली पडते म्हणून आंबा, फणस वा नारळ तोडू नये. टिळकवाडीची सावली हे तिचे भूषण आहे. उन्हाची पूजा करण्यासाठी उन्हाच्याच लेकराचा बळी देणे हा धर्म नव्हे. सावली असेल तेथे शेजाऱ्याच्या मोकळ्या गच्चीस उत्तेजन द्यावे आणि आपण आपले झाड सांभाळावे. तेही सूर्याचेच काम.

आता मंदिराच्या प्रश्नाकडे वळू. छपरावर यंत्र नको असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आम्हांस आदर आहे; शिखराचे पावित्र्य राखिलेच पाहिजे. याविषयी आम्ही तीर्थरूपांस विचारले. ते म्हणाले, "शिखरावर वीज पडू नये म्हणून तांब्याची सळई आपण केव्हाच बसविली आहे. पडणाऱ्या विजेसाठी यंत्र चालते, तर मिळणाऱ्या विजेसाठी का चालू नये?" तथापि त्यांनी दोन अटीही सांगितल्या, व त्या आम्हांस योग्य वाटतात. पॅनेल सभामंडपाच्या मागील उतारावरच असावीत, म्हणजे रस्त्यावरून कळसदर्शन करणाऱ्याच्या दृष्टीस अडथळा येणार नाही. आणि ती बसविली म्हणून रोषणाई वाढवू नये; जे वाचेल ते अन्नदानाकडे वळवावे. ही दुसरी अट विशेष महत्त्वाची. नाहीतर थाळी मिळाली म्हणून धर्मराजाने पहिला घास स्वतःच घेतला, असे व्हावयाचे.

संगमरवरी फरशीविषयीही दोन शब्द. देवाचे स्थान सुंदर असावे ही इच्छा उत्तमच आहे. मंदिरास घरगुती अनुदान मिळत नाही. म्हणजे खर्च आपणांसच सोसावा लागेल, हेही खरे. परंतु आपल्याच टिळकवाडीतील काँग्रेस विहीर डोळ्यांपुढे आणावी. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे अधिवेशन भरले. महात्माजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद आयुष्यात एकदाच भूषविले, ते या भूमीत. त्या अधिवेशनासाठी ही विहीर खोदली. अधिवेशन दोन दिवसांत आटोपले, मंडप उतरले, कमानी गेल्या. विहीर शंभर वर्षांनंतरही आहे. आपल्या पूर्वजांनी शोभेवरही खर्च केला असेल; पण आपल्या वाट्यास आली ती विहीर. आपल्या नातवंडांच्या वाट्यास आपण काय ठेवणार, याचा विचार वार्षिक सभेत हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने करावा, एवढेच आमचे मागणे. निर्णय सर्वांचा, तो फरशीच्या बाजूने झाला तरी ती आम्ही रोज आनंदाने पुसू. मात्र सांगावयाचे ते न सांगता राहिलो, असे नको.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यात आयुष्य वेचिले. जी उपासना केवळ देवघरात होती ती त्यांनी अंगणात, तालमीत, शाळेत आणिली. आणि पूजा होती ती सवय झाली. आज तेच पुन्हा घडावयास हवे. नमस्कार शरीराने घालावयाचा तसा घरानेही घालावयाचा आहे. या रथसप्तमीस प्रत्येक घराने तीन लहान संकल्प करावेत. एक, घरातील कोणता दिवा, कोणती मोटार विनाकारण चालते ते शोधावे; ते आपले भाजीचे पान. दोन, गच्चीवर जाऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन कोठे पडते, सावली कोठे पडते ते मुलांच्या हाती खडू देऊन आखून काढावे. तीन, ज्याला शक्य असेल त्याने दोन-तीन ठिकाणी चौकशी करून, कागद नीट वाचून, पॅनेल वा बंब यांपैकी एका गोष्टीचा आरंभ करावा. बोळक्यातले दूध उतू जाते तेव्हा आपण ते शुभ मानितो. कारण ते विपुलतेचे चिन्ह आहे. परंतु सूर्याची विपुलता रोज आपल्या छपरावरून उतू जात आहे, आणि खाली आपण मुद्दल जाळीत बसलो आहो, हे चिन्ह शुभ नव्हे.

धर्मराज पाण्यात उभा राहिला तेव्हा त्याने सूर्याकडे राज्य मागितले नाही, शत्रूचा नाशही मागितला नाही. दारी आलेल्यांस घास देता यावा एवढेच मागितले. म्हणून थाळी मिळाली. आपणही तेवढेच मागू या. जे मिळेल ते आधी दुसऱ्यास वाढू या, आणि शेवटी जो घास उरेल तो प्रसाद म्हणून मुखी घालू या.

सर्वांचे कल्याण असो. श्रीसवितृसूर्यनारायणार्पणमस्तु.